तुमचं रंगभवन, आमचं मंगल कार्यालय

मुंबईच्या रॉक संगीतावरची कुठलीही मुलाखत लावा. पॉडकास्ट असो नाहीतर माहितीपट, पहिल्या पंधरा मिनिटांत रंगभवन येतंच. धोबीतलावचं ते उघड्यावरचं नाट्यगृह, तिथली गर्दी, मित्राकडून मागून आणलेली गिटार, घरीच जुळवलेला ॲम्प्लिफायर, ऐन सोलोत गेलेली वीज. बोलणारे आता साठीच्या अलीकडे-पलीकडे आहेत. छान बोलतात, हसवतात. आणि मग उसासा टाकून म्हणतात, आता तसं काही राहिलं नाही.

मी जालन्याचा. इंजिनीअरिंग केलं, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, वय अठ्ठावीस. रात्री सर्व्हरवर काही चढवायचं असलं की कानात असल्याच मुलाखती चालू असतात, त्यामुळे माझं हे ऐकणं उडत-उडत झालेलं नाही. या लोकांविषयी मला आदर आहे, तो पुढे सांगतोच. आधी भांडण.

भांडण असं की या आठवणी आता इतिहास म्हणून चालायला लागल्या आहेत, आणि त्या इतिहासाचं शेवटचं प्रकरण खोटं आहे. कोणी ठरवून खोटं लिहिलंय असं नाही. सगळ्यांच्या सोयीचं होतं म्हणून ते तसं लिहिलं गेलं. त्या प्रकरणात म्हटलंय की मुंबईचं रॉक आवाजाच्या नियमांनी मारलं.

झालं ते असं. २००० साली केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, न्यायालयं यांच्याभोवती शंभर मीटरचं शांतता क्षेत्र आलं. रंगभवनाला लागून सेंट झेवियर्स कॉलेज, जवळच कामा रुग्णालय. म्हणजे तिथे लाऊडस्पीकर लावणं अवघड होऊन बसलं, आणि त्या दशकाच्या सुरुवातीलाच रंगभवनातल्या मैफली थांबल्या. २६/११ च्या रात्री करकरे, कामटे, साळसकर जिथे मारले गेले ती गल्ली याच रंगभवनाची. आपल्या पिढीने रंगभवन हे नाव बहुतेक तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

जागा गेली हे खरं. पण जागा गेली म्हणून संगीत गेलं, हे मला पटत नाही. मराठी नाटकाला आधी सिनेमाने मारलं, मग टीव्हीने मारलं, मग मोबाइलने. दर दहा वर्षांनी कोणीतरी त्याचं तेरावं घालतं आणि दुसऱ्या दिवशी नाटकाची बस कुठल्यातरी तालुक्याच्या गावात सेट उतरवत असते. नाटकाला दौरा माहीत आहे. राज्य नाट्य स्पर्धेची केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. बँकेतला कारकून, शाळेतला मास्तर दिवसभर नोकरी करून रात्री तालमी करतात. मुंबईतलं एक थिएटर बंद पडलं तर वाईट वाटतं, पण नाटक बंद पडत नाही. ज्या कलेचा जीव एका शहराच्या एका कोपऱ्यातल्या एका कुंपणाआड आहे, तिला मारायला नियम कशाला हवा? एखाद्या वर्षीचा पाऊससुद्धा पुरला असता.

आता आदर. तो उरकायचा म्हणून सांगत नाही, कारण ही माणसं खरंच मोठी होती.

१९७० आणि १९७१ साली सिमला बीट काँटेस्ट झाली. सिमला ही सिगारेट, इम्पीरियल टोबॅको कंपनीची. देशभरातले बँड त्यात उतरले, निवडक गाण्यांच्या दोन तबकड्या निघाल्या, आणि आज परदेशातले संग्राहक त्या शोधत फिरतात. त्याच सुमाराला लोणावळ्याजवळ मळवलीला ‘स्नेहयात्रा’ नावाचा महोत्सव झाला. त्याला आपल्याकडचं वुडस्टॉक म्हणतात. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क या डिस्कोत स्थानिक पोरांच्या वाद्यांवर वाजवून गेले. १९८० मध्ये ‘द पोलीस’ हा बँड थेट मुंबईत वाजला. १९८६ मध्ये फरहाद वाडियांनी इंडिपेंडन्स रॉक सुरू केला, तोच आय-रॉक. १९८४ च्या रॉक मशीनने १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. त्या काळी प्रेक्षक दुसऱ्यांच्याच गाण्यांची फर्माईश करायचे, त्यामुळे स्वतःचं गाणं वाजवायला छाती लागत होती. पुढे १९९३ मध्ये याच बँडचं नाव इंडस क्रीड झालं आणि एमटीव्हीवर तो साऱ्या आशियाने पाहिला. उदय बेनेगल, महेश टिनाईकर. नावं वाचली की आपल्या वर्गाच्या हजेरीपटातली वाटतात.

परदेशी वाद्यांवर जबर जकात होती. तारा तुटल्या तर कोणीतरी विमानाने येईपर्यंत थांबायचं. आणि हे सगळे श्रीमंतांचे लाडके होते असंही नाही. वांद्रा, भायखळा, माझगावच्या ख्रिस्ती वस्त्यांतली कितीतरी पोरं दिवसा नोकरी करून संध्याकाळी वाजवायची. रेकॉर्ड ऐकून कानाने एकेक सूर उतरवायचा, पुन्हा सुई उचलून मागे ठेवायची. आम्हाला इंटरनेटवर नोटेशन आयतं मिळालं. कष्टांबद्दल मला काही बोलायचंच नाही.

बोलायचंय ते एका न घडलेल्या गोष्टीबद्दल.

रंगभवनापासून गिरगावातलं साहित्य संघ मंदिर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. इकडे गिटारची पंचवीस वर्षं, तिकडे मराठी नाटकाची पंचवीस वर्षं, आणि मधला रस्ता जवळजवळ रिकामा. १९८२ मध्ये याच शहरात गिरणी संप झाला, लाखांवर घरांचं गणित मोडलं, आणि चारच वर्षांनी याच शहरात आय-रॉक सुरू झाला. पण रंगभवनाच्या आठवणींत गिरणगावातलं पोरगं मला भेटलेलं नाही. त्या आठवणींत मराठी येते ती फार तर परवानगीच्या खिडकीवर.

एक माणूस तो रस्ता चालला. नंदू भेंडे. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा, म्हणजे मराठी रंगभूमीच्या घरातलाच. ॲलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये तो ज्यूडास झाला आणि इंग्रजी मुंबई त्याच्यावर फिदा झाली. मग १९७८ मध्ये पुलंनी ब्रेख्तच्या ‘थ्रीपेनी ऑपेरा’वरून केलेलं ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेलांनी उभं केलं, त्यात हाच माणूस मराठीत गायला. रॉकचा बाज मराठी शब्दांवर बसतो की नाही या प्रश्नाचा निकाल तेव्हाच लागला होता. ‘डिस्को डान्सर’मधलं ‘कृष्णा धरती पे आजा तू’ त्याच्याच आवाजातलं. २०१४ मध्ये तो गेला. आज इंग्रजी आठवणींत तो सुपरस्टारमधला ज्यूडास म्हणून येतो, मराठी आठवणींत आत्माराम भेंड्यांचा मुलगा म्हणून. दोन्ही खोल्यांत त्याचा फोटो आहे, पण मधलं दार त्याने उघडलं होतं हे दोन्हीकडच्यांच्या गावी नाही. एक माणूस चालून गेला म्हणून वाट पडत नाही. मागून दहा जण जावे लागतात. ते गेले नाहीत.

दुसरीकडे गेले. आता जरा कोलकात्याला जाऊ, कारण तिथे हाच खेळ वेगळा सुटला.

मी चौथीत होतो तेव्हा जालन्यातल्या प्रत्येक मेमरी कार्डात ‘गँगस्टर’ सिनेमाचं ‘भीगी भीगी’ होतं. वीस रुपयांत कार्ड भरून देणारा दुकानदार ते न मागता टाकायचा. गाणारा जेम्स हा बांगलादेशचा रॉक गायक, हे मला कॉलेजात कळलं. आणि ती चाल मूळ ‘मोहिनेर घोडागुली’ या कोलकात्याच्या बँडच्या बंगाली गाण्याची, हे त्याच्याही नंतर. गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांच्या सोबत्यांनी सत्तरच्या दशकाच्या मध्यावर हा बँड काढला. कोलकात्यातही तेव्हा पार्क स्ट्रीटच्या हॉटेलांत इंग्रजी गाणी जोरात होती, आपल्या चर्चगेट-कुलाब्यासारखीच. या लोकांनी बंगालीत, बाऊलांचा सूर घेऊन, गिटारवर गाणी केली. पहिली तबकडी १९७७ ची. खपली नाही. लोकांना कळलीच नाही. दशक संपेतो बँड विखुरला. म्हणजे त्यांचं रंगभवन आमच्यापेक्षा वीस वर्षं आधीच बंद पडलं म्हणायचं.

पण गाणी बंगालीत होती. ती वसतिगृहांत शिल्लक राहिली, कोणीतरी कोणालातरी शिकवत राहिलं. १९९५ मध्ये गौतमदांनी नव्या पोरांना गोळा करून अल्बम काढला, त्याच्या नावाचा अर्थच ‘पुन्हा वीस वर्षांनी’ असा. त्यानंतर बंगालीत रॉकची रीघ लागली. कॅक्टस, चंद्रबिंदू, फॉसिल्स. जिल्ह्याच्या कॉलेजातलं पोरगं त्यांची गाणी तोंडपाठ म्हणतं, आणि त्याला आपण काही परदेशी करतोय असं वाटत नाही. केरळात ‘अवियल’ मल्याळममध्ये वाजवू लागला. आपल्याकडे ‘अभंग रिपोस्ट’सारखी मंडळी आता अभंगांना गिटार लावतात, लोक दाद देतात, चांगलंच आहे. पण अभंग लिहिलेले आधीचेच आहेत. २०१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा तोडणाऱ्या बापाविषयी, स्टीलच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या भावाविषयी, बायोडाटा घेऊन पुण्याला निघालेल्या पोरीविषयी मराठी रॉक गाणं कोणतं? नाव सांगा. मला आठवडाभर विचार करून आठवलं नाही.

इथे दोन आक्षेप येतात, आणि मी ते दोन्ही इतक्या वेळा ऐकलेत की पाठ झालेत.

पहिला इंग्रजी खोलीतला. रॉक ही इंग्रजीचीच गोष्ट आहे, मराठीत तो जोर येत नाही. अहो, मराठीत ठ आहे, ढ आहे, ळ आहे. मेटलवाले घसा खरवडून जे व्यंजन काढतात ते आमची आजी सकाळी म्हशीला हाकताना काढते. पोवाड्यात शाहीर जी हाक देतो आणि मागचे झीलकरी जी उचलतात, त्याला तुम्ही ड्रमसेट लावून बघितलाच नाही, आणि म्हणता जोर येत नाही.

दुसरा मराठी खोलीतला. हे पाश्चात्त्य आहे, धांगडधिंगा आहे, आपली संस्कृती नाही. यांना मी नम्रपणे पेटी दाखवतो. हार्मोनियम युरोपातून आली. बालगंधर्वांच्या नाटकांत ऑर्गन वाजत होता. ती परकी आहे, तिच्यात आपले सूर बसत नाहीत म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. म्हणजे तीस वर्षं सरकारी रेडिओला जी चालत नव्हती, ती पेटी आज देवळात देवापुढे आहे, आणि तिला पाश्चात्त्य म्हटलं तर तुम्हीच माझ्या अंगावर याल. गिटारने काय घोडं मारलंय? लग्नातल्या बँडचा क्लॅरिनेट काय पंढरपूरला पिकतो?

या दुसऱ्या खोलीचा ढोंगीपणा मला जास्त लागतो, कारण ती माझी खोली आहे. १९९६ मध्ये मायकेल जॅक्सनला मुंबईत आणलं ते शिव उद्योग सेनेने. मराठी तरुणांना रोजगार हवा म्हणून अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकेल जॅक्सन! करमणूक करमाफीचा वाद कोर्टात गेला. चला, आणलं तर आणलं, मला त्यात संस्कृती बुडालेली दिसत नाही. पण त्याच्या एका खुर्चीच्या भाड्यात मराठवाड्यातल्या एखाद्या पोराला गिटार आली असती. साहित्य संमेलनात गझलेला सत्र मिळतं, लावणीला मिळतं. चार पोरं गिटार-ड्रम घेऊन मराठीत स्वतःचं गायला उभी राहिली, तर त्यांना ‘तरुणाईचा जल्लोष’ म्हणून जेवणाच्या वेळेत ढकलतात.

आणि आता जालना.

आमच्याकडे म्हण आहे, जालना सोन्याचा पालना. बियाणं, स्टील, मोसंबी. पैसा नाही असं कोणी म्हणू नये. गाणंही नाही असं कोणी म्हणू नये, कारण अर्ध्या-पाऊण तासावर अंबड आहे. अंबड म्हणजे पंडित गोविंदराव जळगावकरांचं गाव. तिथे दत्त जयंतीला शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरतो, किती पिढ्यांपासून. तालुक्याचं गाव, थंडीचे दिवस, लोक सतरंजीवर स्वेटर-मफलर घालून रात्र-रात्र बसतात. मला ख्याल फारसा कळत नाही, मी दोनदा गेलोय आणि एकदा झोपलोय. पण तिथे ‘एके काळी काय दिवस होते’ म्हणणारा माणूस मला कोणी भेटला नाही, कारण पुढच्या वर्षीची तिथी सगळ्यांना माहीत असते.

तसंच एप्रिलचं. चौदा एप्रिलच्या आसपास जालन्यात कुठल्याही चौकात उभे राहा. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, गळ्याच्या शिरा ताणून गाणारा गायक, समोर हजारभर माणूस, आणि गाण्यात सत्तेला सरळ जाब विचारलेला. वामनदादा कर्डकांनी गावोगाव पायपीट करून गाणी पेरली. विलास घोगरे मुंबईच्या झोपडपट्टीत गात राहिले आणि १९९७ मध्ये रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर त्यांनी जीव दिला. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ त्यांच्यापासूनच सुरू होतो. रॉक म्हणजे बंड, असं रंगभवनाच्या मुलाखतींत वरचेवर येतं. मुंबईतच, त्याच काळात, विजेच्या तारा जोडून बंडाचं गाणं मराठीत गायलं जात होतं. त्याला कोणी सीन म्हटलं नाही, कारण त्याची मुलाखत इंग्रजीत होत नव्हती.

म्हणजे तारीख आहे, माणसं आहेत, आवाज आहे. नाही ते गिटारवाल्याला उभं राहायला कोपरा. इंजिनीअरिंगला असताना आम्ही चौघांनी बँड केला. माझ्याकडे साडेतीन हजारांची गिव्हसन गिटार. ड्रमर लग्नातल्या बँडवाल्यांच्या घरचा. लहानपणापासून वरातीत साइड ड्रम वाजवलेला, त्याचा हात घड्याळाला शिकवील असा. आम्ही टँकरवर एक गाणं केलं होतं. आमच्या वाड्यात टँकर येणार म्हणून रांगेत लावलेले ड्रम रात्रभर वाऱ्याने वाजायचे, तोच ठेका. कॉलेजच्या गॅदरिंगला सात मिनिटं मिळाली. तालमीला आलेल्या प्राध्यापकांनी गाणं ऐकलं आणि म्हणाले, छान आहे, पण पाहुणे येणार आहेत, एखादं सिनेमाचं घ्या. आम्ही ‘रॉक ऑन’मधलं वाजवलं. टाळ्या पडल्या.

नंतर जागा शोधली. मंगल कार्यालयाचा मालक म्हणाला, लग्न असेल तर देतो. साउंडवाल्या दादांकडे पंधरा-पंधरा बेस होते, छातीत धडकी भरवणारे, पण ड्रमला लावायला एकही माइक नव्हता. त्यांना तो कधी लागलाच नव्हता. त्यांनी गायकाच्या माइकला एको लावून दिला आणि सगळं गाणं विहिरीतून आल्यासारखं झालं. दादा वाईट नव्हते. त्यांनी तोपर्यंत रॉकचा एकही कार्यक्रम बघितलेला नव्हता, कारण पन्नास वर्षांत कोणी इथे आलंच नव्हतं.

आणि आवाजाच्या नियमाचं म्हणाल, तर माझ्या घरासमोरून लग्नसराईत रात्री साडेअकराला डीजेची ट्रॉली जाते. खिडक्यांच्या काचा थरथरतात. शंभर मीटरवर दवाखाना आहे. नियम तोच, राज्य तेच. ज्याच्या मागे माणसं असतात, त्याचा आवाज चालतो. हे बरं आहे असं मी म्हणत नाही. ती ट्रॉली मलाही नको आहे. पण रंगभवन बंद झालं तेव्हा शेजारच्या गिरगावातून किती माणसं ‘आमचं आहे ते, उघडा’ म्हणत आली? त्यांना ते आपलं वाटावं यासाठी आधी काय केलं होतं?

यावर कोणी म्हणेल, १९८६ मध्ये जालन्याला कोण येणार होतं? मान्य. तेव्हा आमची लाइन मीटरगेज होती, मनमाडला गाडी बदलावी लागायची, सामान हमालाच्या डोक्यावर. पण नव्वदच्या दशकात रूळ बदलले. जालन्याहून निघालेली गाडी थेट सीएसएमटीला जाऊन थांबते, आणि तिथून रंगभवन चालत दहा मिनिटांवर आहे. आमची पोरं त्या गाडीने परीक्षा द्यायला जातात, मंत्रालयात फाइल घेऊन जातात, टाटाला पेशंट घेऊन जातात. उलट दिशेने गिटारची पेटी घेऊन कोणी उतरलं नाही. रॉक स्ट्रीट जर्नल हे देशाचं रॉकचं मासिक १९९३ पासून निघत होतं ते अमित सैगल यांच्या इलाहाबादहून. लहान शहरांना रॉक झेपत नाही हे कारणही म्हणूनच चालणार नाही.

२०२२ मध्ये आय-रॉक पुन्हा भरला. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर आता लोलापालूझा होतो. प्रायोजक आहेत, तिकिटं संपतात. आठवणींना चांगले दिवस आलेत, पुस्तकं निघतात; सिद्धार्थ भाटियांचं ‘इंडिया सायकेडेलिक’ २०१४ मध्ये आलं, जरूर वाचा. उद्या कोणी सरकारी पैशातून मुंबईच्या रॉकचं दालन उभं करील, त्यात जुनी गिटार काचेत ठेवतील, फीत कापायला मंत्री येतील. तेव्हा भिंतीवर लिहिलेलं असेल की महाराष्ट्राच्या रॉकचा सुवर्णकाळ अमुक सालापासून तमुक सालापर्यंत. त्या फलकावर महाराष्ट्र हा शब्द लिहायला माझा विरोध आहे. मुंबई लिहा. खरं तर चर्चगेट ते वांद्रा लिहा.

ज्येष्ठांना माझं एकच सांगणं आहे, आणि ते मुलाखत घेणारे तुम्हाला विचारत नाहीत म्हणून मी सांगतोय. उसासे पुरेत. तुमच्या घरात ज्या कॅसेट आहेत, रंगभवनातलं जे काही कोणी टेप केलेलं आहे, ते बुरशी लागायच्या आत वर चढवा. फुकट. त्याचं तांत्रिक काम मी करतो, शनिवार-रविवारी, पैसे नकोत. माझ्यासारखे वीस जण मिळतील. दुसरं, वर्षातून एकदा एका जिल्ह्याला या. महोत्सव नको, प्रायोजक नको. ड्रमला माइक कुठे लावायचा हे साउंडवाल्या दादांना दाखवा, पोरांची स्वतःची गाणी ऐका, तुमची दोन वाजवा. बीडला या, परभणीला या. इंग्रजीत गा, काही बिघडत नाही, आम्ही इंग्रजीतच कोड लिहितो. फक्त आमचं मराठी गाणं ऐकताना ते लोकसंगीत आहे, फ्यूजन आहे असं म्हणू नका.

जालन्याला यायचं असेल तर राहायची सोय आमच्याकडे. मंगल कार्यालयाच्या मालकाला मी लग्न आहे असं सांगून ठेवीन. फक्त डिसेंबर-जानेवारीत किंवा मे महिन्यात तारीख धरू नका, दाट लग्नतिथी असतात आणि आमच्या ड्रमरला वरातीतून सुट्टी मिळत नाही. चातुर्मासात कधीही चालेल.